चोवीस पन्नासचं विमान

बाबांनी भिंतीवरच्या नकाशाला दोरा लावून अंतर मोजायला घेतलं, तेव्हाच ताईनं ओळखायला हवं होतं की हे प्रकरण आता आपल्या डोक्यावर मिरे वाटणार.

दोऱ्याचं उत्तर आलं अकरा हजार तीनशे किलोमीटर. विमान कंपनी म्हणत होती नऊ हजार सहाशे चाळीस. मधले सोळाशे साठ किलोमीटर गेले कुठे, असा बाबांचा सवाल होता, आणि तो त्यांनी सकाळी सहा वाजता, ताईच्या तोंडात ब्रश असताना टाकला.

"बाबा, पृथ्वी गोल आहे," ताई फेसातूनच म्हणाली.

"ते मलाही माहीत आहे. पण रस्ता तो रस्ता."

"विमानाला रस्ता नसतो."

"मग अंतर कुठून आलं?" बाबा म्हणाले आणि दोरा पुन्हा बोटाला गुंडाळू लागले.

बाबांनी छत्तीस वर्षं बसच्या डेपोत वेळापत्रकं केली होती. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, समोरून येणारी कुठे भेटणार, सगळं त्यांच्या पेन्सिलीतून उतरायचं. डेपोत त्यांना मिनिटमास्तर म्हणायचे आणि त्यात चेष्टा कमी, धाक जास्त असे. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण पेन्सिल काही खाली ठेवली नव्हती. घरात गॅस सिलिंडर कधी संपणार याचंही पत्रक होतं. अशा माणसाच्या हाती जन्मातलं पहिलं विमानाचं तिकीट पडलं, तेही त्रेसष्टाव्या वर्षी. मग काय विचारता!

ताई चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत उभं राहून "आता खालची ओळ वाचा, आता त्याखालची" असं म्हणत राहायचं. परवाच, अशाच एका गिऱ्हाइकाची शेवटची ओळ चालू असताना शेजारच्या गल्लीतल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातून फोन आला.

"तुमचे वडील इथे आलेत. पृथ्वीच्या गोलाला दोरा गुंडाळून पाऊण तास झाला. गिऱ्हाइकं खोळंबलीत हो."

ताईनं तो गोल विकत घेऊन टाकला, दुसरा इलाजच नव्हता. घरी येऊन बाबांनी जेवणाच्या टेबलावर पुन्हा दोरा लावला, पट्टीवर धरला, प्रमाणानं गुणलं आणि नऊ हजार सहाशे आले. चाळीस किलोमीटरची चूक दोऱ्याच्या जाडीची आहे, असं त्यांनी जाहीर केलं. विमान कंपनीला त्यांनी मोठ्या मनानं माफ केलं. ताईला वाटलं, सुटलो एकदाचे.

सुटलो कसले! अंतर झालं, आता वेळ निघाली. जायला अकरा तास चाळीस मिनिटं, यायला दहा तास दहा मिनिटं. तेच अंतर, तेच विमान, आणि दीड तासाचा फरक.

"जाताना चढ लागतो की काय?" बाबा म्हणाले.

"वारा असतो समोरून. येताना पाठीशी असतो."

"वारा बसलाही लागतो. आम्ही कधी वाऱ्याचे दीड तास मागितले नाहीत."

त्यांनी ताईला कंपनीत तीनदा फोन करायला लावला. तिसऱ्या वेळी पलीकडची मुलगी "मॅडम, वाराच आहे हो" असं इतक्या काकुळतीनं म्हणाली की ताईलाच तिची दया आली. मग निघाला घड्याळाचा मुद्दा. तिकिटावर सुटायची वेळ होती शून्य पन्नास आणि पोचायची पाच तीस. म्हणजे चार तास चाळीस मिनिटं. मग उरलेले सात तास कुणी खाल्ले? तिथलं घड्याळ आपल्या सात तास मागे आहे, हे बाबांना समजायला अर्धा तास लागला, आणि समजल्यावर ते इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी त्यांनी दूधवाल्याला दारात उभं करून समजावलं. दोन मनगटांवर दोन घड्याळं आली. उजव्यावर इथली वेळ, डाव्यावर छोटीची.

छोटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. या सगळ्या उपद्व्यापाचं मूळ ती.

छोटी सात वर्षांपूर्वी शिकायला गेली आणि तिकडेच राहिली. आता ती लग्न करत होती. गाजावाजा नाही, सरकारी कचेरीत जाऊन सह्या करायच्या, शनिवारी, पंधरा तारखेला, सकाळी दहा वाजता. मुलीच्या बाजूनं साक्षीदाराची एक सही लागत होती. ती बाबांनी करावी म्हणून तिनं तिकीट पाठवलं. ताईला जाता येण्यासारखं नव्हतं. दुकानातली दुसरी नंबर तपासणारी बाळंतपणाच्या रजेवर होती आणि ताईचा नवरा कामानिमित्त महिनाभर परगावी.

तिकिटाबरोबर छोटीनं ताईला फोनवर एक गोष्ट सांगितली होती, ती बाबांना सांगायची नव्हती.

"ताई, ही शेवटची वेळ. बाबा आले तर आले. नाही आले तर शेजारणीची सही घेईन. पण मग पुन्हा कधी, कशालाही बोलावणार नाही त्यांना. मला आता वाट बघवत नाही गं."

ती असं का म्हणाली ते ताईला पुरेपूर ठाऊक होतं. आई गेली तेव्हा छोटी चौथीत होती. त्यानंतर तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला एक खुर्ची रिकामी असायची. गावभरच्या गाड्या वेळेवर सोडणारा माणूस घरच्या एकाही गोष्टीला वेळेवर पोचला नव्हता. बक्षीस समारंभाला ते आले तेव्हा झाडूवाला खुर्च्या उचलत होता. आणि सात वर्षांपूर्वी, छोटी निघाली त्या दिवशी, ते विमानतळावर पोचले तेव्हा ती आत जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. दोन गाड्यांची वेळ एकमेकींवर आली होती म्हणे, ती सोडवायला डेपोत थांबले होते. बरं, उशीर झाला हे कबूल करतील तर ते बाबा कसले! रस्त्यात खोदकाम असायचं, रिक्षावाला आडमुठा निघायचा. त्या दिवशी तर ते म्हणाले होते, "मी वेळेत होतो. विमानच लवकर सोडलं त्यांनी."

दुसऱ्यांच्या गाडीला चार मिनिटं उशीर झाला तर ड्रायव्हरला धारेवर धरून कारण लिहून घेणारे बाबा! त्यांच्या पत्रकात "उशिराचे कारण" असा रकानाच असायचा.

आताही त्यांनी पत्रक केलं. आखीव कागदावर, खाली कार्बन लावून, तीन प्रतींत: एक गाडीबरोबर, एक डेपोत, एक फायलीत. रकाने नेहमीचेच: ठिकाण, नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशीर, उशिराचे कारण. खाली डावीकडे "तयार केले" आणि त्यापुढे त्यांची सही. उजवीकडे "तपासले" आणि त्यापुढे कोरी जागा.

मंगळवारी संध्याकाळी ताई दुकानातून आली ती पाय ओढतच. दिवसभरात एकोणतीस गिऱ्हाइकं. चपला काढायच्या आत बाबा पत्रक घेऊन पुढ्यात.

"ताई, हे एकदा तिकिटाशी ताडून बघ आणि सही कर."

"नंतर बाबा."

"दोन मिनिटांचं काम आहे. डेपोत मी छत्तीस वर्षांत एकट्याच्या नजरेचं पत्रक कधी लावलं नाही. करणाऱ्याला आपली चूक दिसत नसते. दुसरं माणूस लागतंच."

"बाबा!" ताईचा आवाज तिलाच परका वाटला. "तीन आठवडे मी दोरा ऐकतेय, वारा ऐकतेय, सात तास ऐकतेय! नाकी नऊ आलेत माझ्या! तुम्हाला काय करायचं ते करा, पण ते पत्रक माझ्यासमोर आणू नका!"

बाबांनी पत्रक मागे घेतलं. एक प्रत त्यांनी घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली, एक ट्रंकेत टाकली आणि डेपोची म्हणून तिसरी फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावली. पुढचे तीन दिवस ताई त्या कागदाशी नाक लावून दूध काढत होती, भाजी ठेवत होती. वाचला मात्र नाही. मुद्दाम नाही वाचला, खरं सांगायचं तर.

गुरुवारी संध्याकाळी छोटीचा निरोप आला: "बाबांची तयारी झाली ना?" ताईनं बघितलं. बाबा कोट घालून, दोन्ही घड्याळं बांधून, बॅग पायाशी घेऊन खुर्चीत बसले होते. तिनं लिहिलं, "कधीचे तयार होऊन बसलेत." ते खरंच होतं. निघायचं उद्या रात्री नऊला, असं ते चार दिवस सांगत होते. तालीम म्हणून आदल्या दिवशीच कोट घातला असेल. बाबांचा काही नेम नव्हता.

शुक्रवारी ताईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी एक वाजता दोघं जेवायला बसली. बाबांनी पहिला घास घेतला आणि फोन वाजला.

"ताई, विमान उतरून अर्धा तास झाला. सगळे बाहेर आले," छोटी म्हणाली. मागे कसल्यातरी घोषणा चालू होत्या. "बाबा कुठे दिसत नाहीत. त्यांनी आतून तुला फोन केला का?"

ताईनं समोर बघितलं. बाबा चटणी वाढून घेत होते.

"कुठलं विमान?"

"कुठलं म्हणजे? बाबांचं! साडेपाचला उतरलं. मी चार वाजता उठून आलेय."

"छोटे," ताई म्हणाली, "बाबा इथे आहेत. जेवतायत."

छोटी अगदी हळू म्हणाली, "हं. वाटलंच होतं मला," आणि फोन बंद झाला.

ताई उठून फ्रिजपाशी गेली. चुंबक काढलं. तिसरी ओळ होती: "उड्डाण. तारीख १४. वेळ २४:५०."

ती कागद धरून तशीच उभी राहिली. चोवीस पन्नास! लहानपणी हा घरातला विनोद होता. डेपोचा दिवस रात्री बाराला संपत नसे, तो शेवटची गाडी आत आली की संपे. बारानंतरच्या गाड्याही त्याच दिवसाच्या, म्हणून त्यांच्या वेळा चोवीस दहा, चोवीस पन्नास, पंचवीस वीस अशा लिहायच्या. बाबा रात्री एक वाजता घरी येत आणि दोघी बहिणी अंथरुणातून ओरडत, "बाबा पंचवीस वाजता आले!" आणि बाबांनी तिकिटावरची "१४ तारीख, शून्य पन्नास" ही वेळ बघितली, जगातला कुठलाही माणूस तेरा तारखेच्या रात्री निघाला असता, पण त्यांनी तिला आपल्या डेपोच्या भाषेत बसवलं, आणि चौदा तारखेचा अख्खा दिवस संपायची वाट बघत बसले. अंतर बरोबर, वारा बरोबर, सात तास बरोबर. सगळं अवघड ते बरोबर, आणि तारीख चुकली.

"बाबा, तुमचं विमान गेलं. काल रात्री."

"रात्री आहे. चोवीस पन्नासला."

"शून्य पन्नास बाबा! शून्य म्हणजे दिवस सुरू होतो! डेपो नाहीये तो!"

बाबांनी तिच्या हातातला कागद घेतला. खिशातून तिकीट काढलं. दोन्ही शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा. ताटातला घास तसाच राहिला.

"त्यांनी तसं स्पष्ट लिहायला हवं होतं," ते म्हणाले.

ताईला किंचाळावंसं वाटलं. आताही! आताही दोष छापणाऱ्याचाच! तिनं ताटं झाकली, बाबांची बॅग एका हातात आणि बाबांचं कोपर दुसऱ्या हातात धरलं आणि टॅक्सी बोलावली. वाटेत छोटीला पाच वेळा फोन लावला. तिनं उचलला नाही.

तिकीटवाल्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि खुर्चीत मावत नसलेला एक सावकाश माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कळफलकावर एका बोटानं टकटक सुरू केली. चष्म्याचा नंबर चुकीचा आहे, हे ताईच्या तेवढ्यातही लक्षात आलं.

"न आलेल्या माणसाचं तिकीट बाद होतं. आज रात्रीचं तेच विमान भरलेलं आहे. वेटिंगवर अकरा."

"दुसरं?"

"सरळ जाणारं दुसरं नाही. एक आहे, मध्ये बदलायचं." टकटक. "आज संध्याकाळी पाच पन्नासला सुटतं. मधल्या विमानतळावर बारा तास दहा मिनिटं बसायचं. मग दुसरं."

बाबांची पेन्सिल बाहेर आली होती. ताईला ती हिसकावून खिडकीतून फेकावीशी वाटली, पण या घडीला हिशोब जमणारं दुसरं कुणी त्या खोलीत नव्हतं, आणि याचाही तिला राग आला.

"पहिलं अंतर?" बाबांनी विचारलं.

"एक्केचाळीसशे किलोमीटर. पाच तास दहा मिनिटं."

"दुसरं?"

"एकोणसाठशे. सात तास दहा."

"दहा हजार किलोमीटर, साडेचोवीस तास," बाबा पुटपुटले. "सरासरी चारशे आठ. विमानाला शोभत नाही." मग त्यांनी डावं घड्याळ बघितलं, उजवं बघितलं, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि पेन्सिल टेबलावर ठेवली.

"अकरा वीसला उतरतं. शनिवारी. तिथल्या वेळेनं. कचेरी विमानतळापासून दीड तास."

"आणि सही दहाला," ताई म्हणाली.

"दहाला."

पंखा गरगरत होता. तिकीटवाला एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. ताईला वाटलं, आता बाबा म्हणतील की कचेरी दहाला उघडणं हेच मुळात चूक आहे, साक्षीदार लांबून येणार हे त्यांनी लक्षात घ्यायला नको का. पण बाबा नुसते खांदे उतरवून बसले होते. इतके लहान झालेले तिनं त्यांना पूर्वी एकदाच पाहिलं होतं, आई गेली तेव्हा.

"मला फोन दे," ते म्हणाले. "मीच सांगतो तिला."

या वेळी छोटीनं उचलला. ताईनं फोन टेबलावर मध्ये ठेवला, आवाज मोठा करून.

"छोटे, मी बोलतोय. दुसरं विमान मिळतंय, पण ते अकरा वीसला उतरतं. तुझी वेळ दहाची. मी पोचत नाही. तू शेजारणीला सांगून ठेव."

पलीकडून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा, सही साडेतीनला आहे."

"पत्रकात दहा आहे."

"ते तुमच्यासाठी. कचेरीनं दिलेली वेळ साडेतीनचीच आहे, पहिल्यापासून."

ताईला आधी समजेना. बाबांना समजलं. त्यांचा चेहरा झर्रकन बदलला. लांब पल्ल्याच्या गाडीला वेळापत्रकाच्या पोटात थोडी सवड ठेवायची, हा त्यांचाच नियम होता. कुठे टायर फुटतो, कुठे फाटक बंद मिळतं. पण ती सवड ड्रायव्हरला कधी सांगायची नाही. सांगितली की तो चहाला उतरतो. जेवताना शंभर वेळा सांगितलेली गोष्ट. ऐकणाऱ्या दोन मुलींतली एक ताट पुढे घेऊन पेंगत असायची. दुसरी ऐकत होती म्हणायची.

"सवड ठेवलीस?" बाबांनी विचारलं.

"ठेवली. रागानं फोन आपटला नसता तर मघाशीच सांगितलं असतं."

"किती?"

"साडेपाच तास."

बाबांनी सवयीनं मनातल्या मनात भागाकार केला. "फार झाली. एवढ्या अंतराला तीन तास पुरतात."

"अंतराला नाही ठेवली बाबा," छोटी म्हणाली. "तुम्हाला ठेवली."

तिकीटवाल्यानं चष्मा काढला आणि उगाचच पुसू लागला. बाबांनी तोंड उघडलं. खोदकाम, रिक्षा, स्पष्ट न छापलेली तिकिटं, काय काय त्यांच्या जिभेवर आलं असेल ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी तोंड मिटलं.

"काढा तिकीट," ते तिकीटवाल्याला म्हणाले.

विमानतळावर दोघं पोचली तेव्हा काउंटर उघडायला अजून वीस मिनिटं होती. बाबा रांगेत पहिले. मागे माणसं जमू लागली तसे ते बॅगेला चिकटून उभे राहिले, कुणी पुढे घुसू नये म्हणून. ताईनं त्यांना पाण्याची बाटली दिली, मधल्या विमानतळावर कुठल्या दारातून कुठे जायचं ते तीनदा सांगितलं, आणि तीनही वेळा ते "मला समजतं" म्हणाले. तिच्या कपाळाची शीर उडत होती. या माणसाला एकटं सोडायचं, बारा तास, परक्या ठिकाणी! तिथेही हे कुणालातरी धरून वाऱ्याचा जाब विचारतील.

आत जायच्या दारापाशी बाबा थांबले. सात वर्षांपूर्वीचं हेच दार. तेव्हा ताई इथेच उभी होती, छोटीच्या मागे बघत.

"ताई, त्या वेळी विमान लवकर सुटलं नव्हतं."

"माहीत आहे बाबा."

"तिला माहीत आहे?"

"तिलाच तर माहीत आहे."

बाबांनी मान हलवली, कोटाचा खिसा चाचपला, पत्रक आहे याची खात्री केली आणि आत गेले. मागे वळून पाहिलं नाही. पुढची वेळ चुकेल म्हणून असेल. ताई काचेपाशी उभी राहिली ती दोन मनगटं वर करून घड्याळं काढून ट्रेमध्ये ठेवणारे बाबा दिसेनासे होईपर्यंत.

शनिवार कसा गेला ते विचारू नका. ताईनं दोन गिऱ्हाइकांना डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लिहून दिला आणि तिसऱ्यानं तो पकडला. मधल्या विमानतळावरून बाबांचा एकच निरोप आला: "इथे घड्याळ तीन तास मागे. तिसरं घड्याळ हवं होतं." त्यावर हसावं की रडावं हे तिला समजेना. जीव सगळा टांगणीला. झोप लागेपर्यंत काही कळलं नव्हतं.

रविवारी सकाळी चहा ओतताना फोन वाजला. छोटीनं दोन फोटो पाठवले होते. पहिल्यात एक साधं टेबल, त्यावर मोठी वही, आणि बाबा वाकून सही करतायत. छोटीचा हात त्यांच्या पाठीवर. बाबांचा कोट चुरगळलेला, केस विस्कटलेले. डावीकडे एक उंच माणूस संकोचून उभा, तो जावई असणार. छोटी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. वहीतल्या त्या सहीकडे बघत होती.

दुसरा फोटो पत्रकाचा होता. खाली छोटीनं लिहिलं होतं, "पोचल्या पोचल्या हातात हे दिलं. बोलले काहीच नाहीत."

ताईनं फोटो बोटांनी मोठा केला. मधल्या ओळी खोडून नव्या वेळा बारीक अक्षरात बसवल्या होत्या. शेवटची ओळ मात्र स्वच्छ होती. ठिकाण, कचेरी. नियोजित, १०:००. प्रत्यक्ष, १४:०५. उशीर, चार तास पाच मिनिटं. आणि मग तो रकाना, ज्यात त्यांनी छत्तीस वर्षं दुसऱ्यांकडून लिहून घेतलं होतं. उशिराचे कारण: "तारीख चुकीची वाचली. चूक पत्रक करणाऱ्याची."

त्याच्या पुढे, त्याच पेन्सिलीनं, थोडं वाकडं: "याआधीचेही सगळे उशीर त्याचेच."

ताईनं ते दोनदा वाचलं. मग तिची नजर खाली गेली. "तयार केले" पुढे सही होती. "तपासले" पुढे काही नव्हतं. मंगळवारी कागद आपण पुढे केला होता आणि पोरीनं झिडकारला, हे त्यांनी कारणात कुठेही लिहिलं नव्हतं. डेपोत असतं तर लिहिलं असतं. न तपासणाऱ्यालाही ते सोडत नसत. आणि ताई दोन दिवस दुकानात, शेजारी, फोनवर नवऱ्याला, भेटेल त्याला सांगत सुटली होती की आमच्या बाबांनी काय घोळ घातला म्हणून.

फ्रिजवरची प्रत शुक्रवारपासून जेवणाच्या टेबलावरच पडून होती. तिनं ती पुढे ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं एक पत्रक वरपासून खालपर्यंत फोनमधल्या तिकिटाशी ताडून बघितलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. तिसऱ्या ओळीतल्या तारखेभोवती तिनं गोल केला, "तपासले" पुढे सही केली आणि खाली सोळा तारीख घातली. मग जरा थांबून शेजारी लिहिलं, "उशीर: पाच दिवस," आणि कारणाच्या रकान्यात आपली चूक लिहून फोटो बाबांना पाठवला.